बुंदीचं झबलं कोणी शिवलं?

“बुंदी, हलू नको! गोलू, तिची शेपटी धर!”

“शेपटी? अन् चावली म्हणजे? इंजेक्शन मले टोचतीन, तुले नाही!”

“शेपटी चावत नाही रे.”

“शेपटीच्या दुसऱ्या टोकाले तोंड असते ना!”

पायरीवर वही घेऊन बसलेली सोनिका खदाखदा हसली. “छाती किती लिहू, ते सांगा लवकर. पळाली म्हणजे पुन्हा गल्लीभर धावा लागते.”

“छाती एकवीस, पाठ सतरा,” दामिनी म्हणाली आणि तिने टेप सोडला. बुंदी सुसाट पळाली. दुसरा कुत्रा ठेचा मात्र ओट्यावर पाय पसरून पडला होता. त्याचं माप कधीच घेऊन झालं होतं, त्याला पत्ताही नव्हता. ठेचा घरचा होता, म्हणून आळशी. बुंदी अर्धी घरची, अर्धी गल्लीची, म्हणून हुशार.

दिवाळी होऊन गेली होती, पण शाळा उघडायला आठवडा होता. प्रताप नगरातली ती गल्ली रिकामी पडली होती. कोणी मामाकडे, कोणी चिखलदऱ्याला. उरले होते तिघंच. सातवीतली दामिनी, शेजारचा पाचवीतला गोलू आणि भिवापूरहून त्याच्याकडे सुट्टीला आलेली त्याची मामेबहीण सोनिका.

आणि शुक्रवारी, एकतीस तारखेला, कॉलनीत पहिल्यांदाच हॅलोविन होता.

“हे हॅलोविन म्हणजे नेमकं काय असते गा?” सोनिकाने विचारलं.

“तान्ह्या पोळ्यासारखंच,” गोलू म्हणाला. “सोंग घ्यायचं, घरोघरी जायचं, खाऊ घ्यायचा. फक्त नंदीऐवजी भूत.”

कॉलनीचे सेक्रेटरी रुपरावकाका यांनी ग्रुपवर नियम टाकले होते. ‘कुटुंब स्पर्धा! किमान चार माणसं, एकसारखा पोशाख, घरी शिवलेला. पाळीव प्राणी चालतील.’ दामिनीने तो मेसेज इतक्यांदा वाचला होता की तिला तो पाठ होता. चार माणसं. तिच्या घरात बरोब्बर चारच होती. बाबा, आई, दुर्गेशदादा आणि ती.

“आम्ही चौघं आणि दोन कुत्रे,” ती म्हणाली. “सगळे भिवापुरी मिरच्या होणार! लाल झबलं, हिरवी टोपी, वर देठ.”

“मिरची काहून? भूत काहून नाही?”

“भूत दिसलं तर माणूस पळतो. मिरची लागली तर नाचतो!”

“हे बाकी खरं,” भिवापूरची सोनिका अभिमानाने म्हणाली.

चार माणसं होती खरी. पण ती चारही एका वेळी घरात असल्याचं कॅलेंडरलाही आठवलं नसतं. बाबा, म्हणजे सुशीलराव, बुटीबोरीच्या कापड कारखान्यात होते. या आठवड्यात रात्रपाळी, त्यामुळे दिवसा झोप. आई, श्वेताताई, दवाखान्यात नर्स. सकाळी सातला जायची, चारला यायची आणि आल्यावर पाय वर करून डोळे मिटायची. दुर्गेशदादा जुलैपासून पुण्याला, कॉलेजात. परीक्षेपायी दिवाळीतही आला नव्हता. ‘तीस तारखेला नक्की येतो,’ असं फोनवर म्हणाला होता.

त्या घरात बोलणं फ्रिजवर चालायचं. चुंबकाखाली चिठ्ठ्या. ‘वरण गरम करून घे.’ ‘बाबांना उठवू नको.’ ‘दूध उतू गेलं. मी पुसलं. दा.’

बाबांचं माप दामिनीने ते झोपलेले असतानाच घेतलं. पाठीखालून टेप सरकवायला ते कूस बदलायची वाट पाहत ती अर्धा तास बसून राहिली. “दोऱ्याचा कोन बदल गा, संपला,” बाबा झोपेत पुटपुटले. आईचं माप भांडी घासताना घेतलं. आईने फेसाळलेले हात वर केले आणि म्हणाली, “लवकर घे गं, बस जाईल माझी.”

दादाचं माप घ्यायला दादाच नव्हता. मग कपाटातला त्याचा दहावीतला शाळेचा शर्ट काढला, पलंगावर पसरला आणि त्याचंच माप घेतलं. शर्टाची बाही सरळ करताना तिला उगीच वाटलं, दादा पडलाय आणि हसू दाबतोय.

राहिली ती स्वतः. कंबर जमली. उंची दाराच्या चौकटीवर खूण करून जमली. खांदा मात्र जमेना. एक टोक या खांद्यावर धरावं तर दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप पोचेस्तोवर पहिलं टोक घसरायचं. आरशासमोर ती भोवऱ्यासारखी फिरली. ठेचा बघत होता, पण त्याच्या हातांचा काही उपयोग नव्हता. शेवटी तिने वहीत लिहिलं, ‘खांदा अंदाजे.’

बाबांनी आणलेल्या लाल कटपीसावर तिने कात्री चालवली. शिवण ती मोबाईलवर बघून बघून शिकली होती. मशीनची खडखड सुरू झाली की घर भरल्यासारखं वाटायचं.

मंगळवारी दुपारी बुंदीचं झबलं तयार झालं. तिघांनी मिळून तिला ते चढवलं, वर हिरवी टोपी बांधली आणि...

फर्र!

छातीवरची शिवण उसवली होती.

“तुले शिवता येत नाही वं,” गोलू म्हणाला.

“मला येतं! हिला मापात राहता येत नाही!” दामिनीने टेप लावला. “साडेबावीस! दोन दिवसांत दीड इंच?”

“पिल्लं होऊन राहिली असतीन,” सोनिका म्हणाली.

“नाही. कानाला खाच बघ. ऑपरेशन झालंय तिचं. आणि माझ्याकडे तर ती सकाळी एक पोळी खाते फक्त.”

“म्हणजे दुसरं कोणीतरी खाऊ घालून राहिलं!” गोलूचे डोळे चमकले.

एवढ्यात बुंदी उसवलेल्या झबल्यासकट धूम पळाली. हाका मारून तिघांचे घसे बसले.

पाच वाजता ती शेपूट हलवत परत आली. झबलं अंगावर होतं. आणि उसवलेली शिवण शिवलेली होती!

नुसती शिवलेली नव्हती. मध्ये निळ्या फुलांच्या कापडाची पट्टी घालून झबलं दीड इंच वाढवलेलं होतं. तांदळाच्या कणीएवढे टाके, हाताने घातलेले, एकाला एक चिकटून.

“बाप्पा!” सोनिका म्हणाली. “असे टाके तर आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईलेही जमत नाहीत!”

चहा पिता पिता बाबा म्हणाले, “तूच शिवलं असशील, विसरली असशील.” फाटकाशी रुपरावकाका भेटले. नेहमीसारखा हातात डबा, कानाला फोन. ते सरळ हसलेच. “कुत्र्याचे कपडे? पोट्टेहो, सुट्टीचा अभ्यास झाला का?”

“मोठ्यांना काही दाखवायलाच नको,” दामिनी म्हणाली. “आपणच शोधू.”

बुधवारी त्यांनी मुद्दाम त्या पट्टीचे चार टाके उसवले आणि झबल्याच्या आतून एक चिठ्ठी टाचली. काय लिहायचं यावर बरीच भांडाभांडी झाली.

“लिही, तुम्ही चोर आहात का?”

“चोर कधी शिवून देते का, येड्या!”

शेवटी दामिनीने लिहिलं, ‘झबलं शिवून दिल्याबद्दल थँक्यू. तुम्ही कोण?’

संध्याकाळी बुंदी आली. चार टाके पूर्ववत. शिवाय तिच्या टोपीवरचा देठ, जो दामिनीने खांबासारखा ताठ केला होता, तो छान बाकदार झाला होता.

सोनिकाने तो देठ हातात घेतला. “असाच असते! खऱ्या मिरचीचा देठ वाकडाच असते. आमच्याकडे बाया दिवसभर मिरच्या खुडतात ना, त्यांच्या बोटाले माहीत असते. हे आमच्याकडच्याच कोणीतरी केलं!”

चिठ्ठीच्या मागे वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘देठ वाकडा पाहिजे. कुत्रीले भाकर दिली. दाराले बाहेरून कुलूप हाय, नाहीतर तुझी मशीन पाहाले आली असती.’

तिघांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

“बाहेरून कुलूप,” गोलू हळूच म्हणाला. “म्हणजे कोणाले तरी कोंडून ठेवलं!”

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. “दामू, सॉरी गं. सबमिशन पुढे ढकललं. शुक्रवारी नाही जमणार.”

“बरं,” दामिनी म्हणाली.

“रागावलीस?”

“नाही. देठ वाकडा लावायचाय तुझ्या टोपीला. ठेवते.”

तिने फोन ठेवला. चार लाल झबली खुर्चीच्या पाठीवर ओळीने टांगलेली होती. दादाचं तिसरं. ते काढून ठेवावं असं तिला वाटलं, पण काढलं की मधे जागा दिसली असती. राहू दिलं. तीन माणसांना स्टेजवर चढू देणार नव्हते. तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली, ‘दादा येत नाही.’ सकाळी तिच्याखाली आईचं अक्षर होतं. ‘कळलं गं. चहा पिऊन घे.’

गुरुवारी ती उठली ती वेगळ्याच निश्चयाने. बाबांनी कारखान्यातून आणलेला लाल दोऱ्याचा मोठा कोन तिने काढला.

“पतंग उडवायची का?” गोलूने विचारलं.

“बुंदी उडवायची. झबल्याला दोरा बांधू. ती जाईल तिकडे दोरा जाईल, दोरा जाईल तिकडे आपण!”

गोलूने कोन पेन्सिलीवर घालून धरला. बुंदी निघाली आणि कोन गरागरा फिरू लागला. दोरा कोपऱ्यावरच्या पाणीपुरीच्या बंद ठेल्याला वळसा घालून गेला, एका स्कूटरच्या आरशावरून गेला, दोनदा तुटला, दोनदा बोरीच्या काट्यात सापडला. मग कोन थांबला.

दोरा गल्लीच्या टोकाच्या पिवळ्या बंगल्याच्या कुंपणाखालून आत गेला होता.

“इथे तर कोणीच नाही!” गोलू म्हणाला. “हे लोक फिरायले गेले, आठ दिवसांसाठी.”

समोर मोठं कुलूप. पडदे ओढलेले. तिघं वाकून मागच्या अंगणात शिरले. तिथे लोखंडी गजांच्या जाळीचं दार होतं, त्यालाही बाहेरून कुलूप. आणि जाळीला टेकून बुंदी बसली होती. जाळीतून दोन सुरकुतलेले हात बाहेर आले होते आणि तिला भाकरीचा तुकडा भरवत होते.

“आल्या का?” आतून आवाज आला. “मशीनवाली कोणती वं तुमच्यातली?”

तिचं नाव बायजाबाई. दिवाळीच्या आधीच मुलाने तिला भिवापूरहून इथे आणलं होतं. एकदा भाजी आणायला गेली आणि तासभर घर सापडेना. म्हणून मुलगा-सून फिरायला जाताना कुलूप लावून गेले, चावी रुपरावकाकांकडे देऊन. त्यांनी सकाळ-संध्याकाळ दार उघडायचं, तिला बाहेर बसवायचं, डबा द्यायचा, असं ठरलं होतं.

“मग उघडतात ना?” दामिनीने विचारलं.

“डबा खिडकीतून देते थो माणूस. हातात फोन असते. दोघांचा डबा असते एवढा. एकटीच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून ह्या बाईले बोलावते,” तिने बुंदीच्या डोक्यावरून हात फिरवला. “सहा दिवस झाले, पायाले माती लागली नाही.”

“तुम्ही ओरडला का नाहीत? मुलाला फोनवर सांगितलं का नाहीत?”

“रोज फोन करते ना थो. जेवली का म्हणते, मी म्हणते हो. काहून सांगू? फिरायले गेले बिचारे दहा वर्षांनी. तुम्ही पण कोणाले सांगू नका. पोराचं नाव खराब होईन.”

दामिनीला आठवलं. ‘रागावलीस?’ ‘नाही.’ असं कालच कोणीतरी फोनवर म्हटलं होतं.

“पोराचं नाव नाही घेणार,” ती शेवटी म्हणाली. “पण आत आग लागली तर? तुम्ही पडलात तर? सांगावं तर लागणार, आजी.”

रुपरावकाका मैदानात मांडव घालून घेत होते. प्लास्टिकचा सांगाडा कुठे टांगायचा यावर त्यांचा वाद चालला होता.

“काका, पिवळ्या बंगल्यातल्या आजींना तुम्ही बाहेर काढता ना?”

“म्हणजे काय! रोज सकाळ-संध्याकाळ! दार उघडतो, अर्धा तास गप्पा मारतो.”

“पण त्या तर म्हणाल्या...”

“वय झालं त्यांचं, लक्षात राहत नाही. जा, तुम्ही खेळा!”

तिघं मांडवामागे आले. गोलूच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. “खोटारडे! आपलं कोण ऐकणार? मोठ्यांचं मोठेच ऐकतात!”

दामिनीने कोनाकडे पाहिलं. “दोऱ्याचं ऐकतील.”

त्या दुपारी तिने पिवळ्या बंगल्याच्या पुढच्या कुलपाच्या कडीतून लाल दोरा ओवला, दाराच्या मुठीला तीन वेढे दिले आणि गाठ मारली. मागच्या जाळीच्या दारालाही तसंच. दोरा तुटल्याशिवाय दार उघडणं शक्य नव्हतं. खिडकीतून तिने आजीला कॅडबरी दिली. गोलू आणि सोनिका अंधार पडेस्तोवर जाळीपाशी गप्पा मारत बसले. घरी येऊन दामिनीने फ्रिजवर सगळं लिहिलं. आजवरची सगळ्यात मोठी चिठ्ठी. पाठपोट.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मैदानात कॉलनीची मोठी माणसं जमली होती. अध्यक्ष शोभाताई खुर्च्या मोजत होत्या. दामिनीने घसा साफ केला.

“काका, आज आजींना बाहेर बसवलंत?”

“अगं हो गं बाई! आत्ताच दार उघडून, गप्पा मारून आलो.”

“पुढचं दार की मागचं?”

“पुढचं! शोभाताई, बघा, हे पोट्टे माझी उलटतपासणी घेऊन राहिले!”

“शोभाताई, तुम्ही पाच मिनिटं आमच्याबरोबर येता? सगळेच या!”

“काही गरज नाही,” रुपरावकाका घाईने म्हणाले.

“गरज आहे.”

दामिनीने वळून पाहिलं. मागे आई उभी होती. नर्सचा गणवेश अंगात, हातात ती पाठपोट चिठ्ठी. “मी आज अर्धी रजा टाकली आहे,” ती म्हणाली. “चला, बघू.”

वरात पिवळ्या बंगल्याशी पोचली. पुढच्या कुलपावर लाल दोरा जसाच्या तसा होता. तीन वेढे, वर गाठ.

“हा मी काल दुपारी बांधला,” दामिनी म्हणाली. “आज सकाळी दार उघडलं, तर मग हा तुटला कसा नाही?”

“मागच्या दाराचाही तसाच हाय!” सोनिका धावत येऊन ओरडली.

रुपरावकाकांनी फोनकडे पाहिलं, मग दोऱ्याकडे. त्यांचे कान मिरचीसारखे लाल झाले होते.

“ह्या कार्यक्रमाच्या गडबडीत...” ते म्हणाले. “म्हटलं, डबा पोचतो ना. जेवतात ना त्या.”

“डब्याशी गप्पा मारायच्या का त्यांनी?” शोभाताई म्हणाल्या. “चावी द्या इकडे!”

दोरा तटकन तुटला. बायजाबाई उंबऱ्यात आली. काडेपेटीतल्या काडीसारखी बारीक, निळ्या फुलांचं लुगडं नेसलेली, त्याचा पदर एका कडेने कापलेला. तिने आधी चप्पल काढली, मग अंगणात पाय ठेवला आणि तशीच मातीत उभी राहिली.

“माझं चुकलं, बाई,” रुपरावकाका मान खाली घालून म्हणाले.

“चुकलं तर खरं,” बायजाबाई म्हणाली. “पण भाजीत मीठ बरोबर होतं गा.”

सगळे हसले. आईने तिची नाडी पाहिली, बीपी पाहिला आणि तिला थेट घरी चहाला नेलं.

खुर्चीवर चार झबली टांगलेली होती. बायजाबाईने एकेक उलटून पाहिलं. तिसऱ्यापाशी थांबली. “हे कोणाचं?”

“दादाचं. तो येत नाही. आणि आला असता तरी झालं नसतं त्याला,” दामिनी म्हणाली. हे तिच्या आत्ताच लक्षात आलं होतं. “मी दहावीतल्या शर्टावरून मापलं. आता तो बाबांपेक्षा उंच आहे. मी वेडीच.”

बायजाबाईने ते लुगड्यावरून डोक्यातून घातलं. खांद्याला खांदा, बाहीला बाही. जणू तिच्यासाठीच बेतलं होतं.

सोनिकाने टाळी वाजवली. “चौथी मिरची! अन् तेही अस्सल भिवापुरी!”

संध्याकाळी पाच वाजता मांडवात पांढऱ्या चादरींची अठरा भुतं होती, तीन चेटकिणी होत्या आणि एक सांगाडा, जो शेवटपर्यंत नीट टांगला गेलाच नाही. मग स्टेजवर चार मिरच्या आल्या. झोपेतून उठून आलेले, केस विस्कटलेले बाबा. आई. बायजाबाई. दामिनी. पुढे ठेचा आणि बुंदी, वाकड्या देठांच्या टोप्या घालून. ठेचा स्टेजवरच झोपला. गोलू आणि सोनिका खालून ओरडत होते, “लागली का, लागली? मिरची लागली!”

“पण या बाई त्यांच्या कुटुंबातल्या नाहीत,” एका भुताने हरकत घेतली.

“नियमात फक्त चार माणसं म्हटलंय,” रुपरावकाका चटकन माइकवर म्हणाले. “नियम मीच लिहिले आहेत.”

पहिलं बक्षीस मिरच्यांना मिळालं. शोभाताईंनी तिघा मुलांना वर बोलावलं. “आमच्या डोळ्यांसमोर कुलूप होतं, आम्हाला दिसलं नाही. या मुलांना दिसलं. त्यांना आणि त्यांच्या दोन कुत्र्यांना कॉलनीतर्फे शाबासकी!” टाळ्यांनी बुंदी घाबरली आणि पुन्हा पळाली. या वेळी तिच्यामागे कोणी धावलं नाही. ती कुठे जाते ते आता सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी बायजाबाईचा मुलगा परतला तेव्हा दाराला कुलूपच नव्हतं. आपली आई दामिनीच्या घरी मशीनवर बसलीय हे कळल्यावर तो कितीतरी वेळ फाटकातच उभा राहिला. मग आत येऊन तिच्याजवळ खाली बसला. ते दोघं काय बोलले ते कोणी ऐकलं नाही.

पण हे नंतरचं. त्या शुक्रवारी, कार्यक्रमानंतर, बाबा पाळीवर गेले, आई डोळे मिटून पडली आणि घर पुन्हा गप्प झालं. दामिनी झबल्यांच्या घड्या घालत होती. तिचं स्वतःचं झबलं काखेत उसवलं होतं.

“इकडे ये,” कोपऱ्यातून बायजाबाई म्हणाली. त्या रात्री ती इथेच मुक्कामाला होती. तिच्या हातात टेप होता. “खांदा चुकला तुझा. समद्यांचं माप घेतलं, तुझं कोणी घेतलं वं?”

“अंदाजे घेतलं.”

“अंदाजे मीठ टाकतात, पोरी. सरळ उभी राय.”

दामिनी पाठ करून उभी राहिली. टेपचं थंड टोक एका खांद्यावर टेकलं. मग ते दुसऱ्या खांद्यापर्यंत सावकाश आलं आणि या वेळी घसरलं नाही.

“साडेतेरा,” बायजाबाई म्हणाली. “लिहून ठेव.”

दामिनीने वही उघडली. पण तिला काही क्षण अक्षरंच दिसेनात.